ज्याच्या हाती किल्ली

सोमवार, २ डिसेंबर

आजपासून रोजनिशी. ही वही मेरिनने दिली. "बाबा, तू बोलत तर नाहीसच, निदान लिहीत जा, नाहीतर आतल्या आत आंबशील," असं म्हणून पोरीने ती माझ्या डब्याच्या पिशवीत कोंबली. वय एकोणीस, जीभ मात्र चाळिशीतल्या बाईची. तिची आई जाऊन सात वर्षं झाली, तेव्हापासून माझ्यावर हिचंच राज्य आहे.

तर मी गार्थ टिलयार्ड, वय त्रेपन्न. चोवीस वर्षं दक्षिणेत मेंढ्यांच्या कत्तलखान्यात घालवली. कारखाना बंद पडला, म्हणून गेल्या पंधरवड्यात सगळं चंबूगबाळं ट्रेलरवर बांधून क्राइस्टचर्चला आलो. घर छोटंसं आहे, दोन खोल्या. मोठी खोली मेरिनने बळकावली, कारण तिच्याकडे कपडे जास्त आणि माझ्याकडे, तिच्या मते, दोनच शर्ट.

नोकरी विमानतळामागच्या कॅम्पर भाड्याने देणाऱ्या डेपोत. एकतीस गाड्या. आत ओटा, बिछाना, नळ, सगळा संसार. लोक पंधरा दिवस बेट पालथं घालून गाडी परत आणतात, आणि ती तपासून घ्यायची हे माझं काम. मैल्याची टाकी रिकामी केली का, टाकीत तेल भरलं का, चमचे मोजून तेवढेच आहेत का. चमचे कधीच तेवढे नसतात.

मालकीण नोलीन हॅगार्ट, साठीची, हातात सदा विणकाम. पहिल्याच दिवशी आल्याच्या वड्यांचा डबा घेऊन आली. गाड्या धुणारा एरल कटफिल्ड नावाचा म्हातारा आहे, तो 'सुप्रभात'सुद्धा शिवी दिल्यासारखं म्हणतो. मला दोघंही आवडली.

इथली पद्धत पक्की आहे. गाडी जाताना एक कागद भरायचा. त्यावर गाडीचं चित्र, चित्रावर जुना प्रत्येक ओरखडा, खाली माणसांची नावं, चादरी, कप. गाडी आली की तोच कागद ताडून बघायचा. फरक निघाला, तर ज्याच्या हातात किल्ली असेल त्याने तो स्वतःच्या हाताने खोडून बाजूला सही करायची. आपण खोडायचं नाही. नोलीनने हे तीनदा बजावलं. मला असली शिस्त आवडते. माणूस सोयीने बोलतो, कागद बोलतो ते खरं.

दाराशी एक फुकट फळी आहे. परत आलेले लोक उरलेलं मीठ, तेल, शेवया तिच्यावर ठेवतात आणि नवे निघालेले उचलतात. आता जन्मात मीठ विकत घ्यायला नको.

गुरुवार, ५ डिसेंबर

नऊ नंबरची गाडी गेली. डेपोतली सगळ्यात जुनी, पण इंजिन असं की ऐकत राहावं. हॉलंडचं डेकर कुटुंब होतं. नवरा, बायको, सहा वर्षांची फेना आणि चार वर्षांची लोट. मुलांच्या दोन्ही खुर्च्या मी स्वतः आवळून बसवल्या. नवरा सही करून मोकळा व्हायला बघत होता, म्हणे "असू द्या हो, आमचा विश्वास आहे." मी म्हटलं विश्वास घरी ठेवा, गाडीभोवती चक्कर मारा. अकरा ओरखडे दाखवले, सही घेतली. माणसं चार.

लोटने माझ्या पॅडवर गाईचं चिकटचित्र लावलं आणि ते काढलंस तर गाय रडेल अशी धमकी दिली. मेरिनला सांगितलं तर म्हणाली, बाबा, शहाणी आहे ती, तुला अशीच धमकी लागते.

सोमवार, १६ डिसेंबर

वायव्येचा गरम वारा सुटलाय. या वाऱ्यात अख्खं शहर एकमेकांवर खेकसत असतं.

आज डेकर आले. आई, बाप, फेना. गाडी अगदी लख्ख, चमचेसुद्धा बरोबर. मी पहिल्यांदाच बघितले. कागदावर मात्र माणसं चार, आणि चौथं नाव लोट डेकर. मी बाईंना विचारलं, धाकटी कुठाय? त्या हसल्या. "धाकटी? आम्हाला एकच मुलगी आहे. आणि हे विचारायचंच होतं, तुम्ही आम्हाला दोन खुर्च्या का दिल्या? अख्खा प्रवास ती रिकामी खुर्ची मध्ये येत होती." नवरा म्हणाला, मी तिच्यावर ब्रेडची पिशवी ठेवायचो.

अक्षर माझंच होतं. मला दोन मुली आठवत होत्या असं वाटलं. पण रोज गाड्या येतात-जातात, आणि आई समोर उभी असताना तिला पोरी किती हे मी कोण सांगणार? नोलीन विणता विणता म्हणाली, "अरे गार्थ, तीन माणसं समोर उभी आहेत, म्हणजे कागद चुकला. बाईंना पेन दे." किल्ली बाईंच्या हातात होती. त्यांनी लोटचं नाव खोडलं, सही केली आणि फळीवरचा मध उचलून गेल्या.

माझ्याकडून असली चूक व्हावी याची मला फार लाज वाटली. पॅडवर कसलंसं गाईचं चित्र चिकटलेलं होतं, तेही नखाने खरवडून काढलं.

बुधवार, २५ डिसेंबर

नाताळ. भर उन्हात अंगणात शेगडी लावली, सॉसेज करपवले. मेरिनने अंड्याच्या फेसाचा मोठा केक केला, मधोमध खचला. ती म्हणाली, खड्डा मुद्दाम ठेवलाय, स्ट्रॉबेरी घसरू नयेत म्हणून. तिचा मित्र जोरी आला होता, सायकली दुरुस्त करतो. मुलगा बरा आहे, फक्त माझ्यासमोर उभा राहिला की हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नाही.

डेकरांचं कार्ड आलंय, तिघांच्या सह्या आहेत. गोड कुटुंब, आणि एकुलती एक पोर असून लाडावलेली नाही.

नोलीन आणि एरललाही बोलावलं होतं. नोलीनने मेरिनला भेट दिली: नऊ नंबरची गाडी, दहा दिवस, फुकट. कागद माझ्या नावावर, कारण मी नोकर माणूस. मेरिन तर नाचायलाच लागली. एरलने ताट खाली ठेवलं आणि म्हणाला, पोरीला नऊ नको देऊ. का, विचारलं तर त्याने नोलीनकडे बघितलं. मग म्हणाला, "सांगता येत नाही. पण नको." आणि न सांगता उठून गेला. म्हाताऱ्याला बिअर चढली असेल. दुसऱ्याचं चांगलं काहींना बघवत नाही.

शनिवार, ४ जानेवारी

आज पोरं निघाली. मी चक्कर मारली, चौदा ओरखडे नोंदले, नावं दोन लिहिली. मेरिन टिलयार्ड, जोरी पेनग्लेझ. मेरिन म्हणाली, "बाबा, स्वतःच्या पोरीलाही कागद भरायला लावतोस? उद्या माझ्या लग्नात नवऱ्याचे ओरखडे मोजशील." मी म्हटलं, मोजणारच. कोपऱ्यापर्यंत ती भोंगा वाजवत गेली.

घर एकदम मोठं झालं. चहा सवयीने दोघांचा टाकला, मग दोन्ही कप मीच प्यायलो.

मंगळवार, ७ जानेवारी

टेकापोहून मेरिनचा फोन. तळं इतकं गार की जोरी गुडघ्यापर्यंत जाऊन किंचाळत परत आला. ती मात्र पोहली. मजेत आहे. एकच तक्रार, जोरी फार विसरतो. काल दुकानातून स्वतःपुरतंच सँडविच घेऊन आला, आज सकाळी ताटली एकच मांडली. तिने झापलं तेव्हा दचकला, म्हणे तू कधी उठलीस? मी म्हटलं, असल्या विसरभोळ्याशी लग्न केलंस तर वाढदिवसाची भेट विसर. खूप हसली.

नंतर फोन हातात धरून बसलो होतो, आणि कुणाशी बोललो ते क्षणभर आठवेना. वय झालं.

शुक्रवार, १० जानेवारी

काम भरपूर. सात गाड्या आल्या.

एका मुलीचा चुकून फोन आला. "बाबा, मी बोलतेय," म्हणाली. मी म्हटलं, बाई, नंबर चुकला. ती म्हणाली, "बाबा, मस्करी नको ना, जोरी माझ्याशी बोलत नाहीये, मी समोर असून त्याला दिसत नाहीये, तू ये." आवाज रडवेला होता. बिचारीचं घरात काही भांडण असेल. मी शांतपणे सांगितलं, पोरी, नंबर नीट तपासून लाव, तुझे वडील काळजीत असतील. ती "बाबा, बाबा" करत राहिली. दुसरा फोन येत होता, म्हणून ठेवला.

मंगळवार, १४ जानेवारी

नऊ नंबर परत आली. जोरी पेनग्लेझ म्हणून एक मुलगा, ओळखीचा आहे, सायकली दुरुस्त करतो. एकटाच फिरून आला, उन्हाने लाल झालाय. उतरल्या उतरल्या त्याने किल्ली माझ्या हातात दिली, म्हणे गाडी तुमच्या नावावर आहे ना. नोलीन म्हणाली, "गार्थ, तूच ती त्याला मिळवून दिली होतीस." असेल.

कागदावर नावं दोन. पुन्हा माझीच चूक! दुसरं नाव मेरिन टिलयार्ड. टिलयार्ड! माझ्या डोक्यात काय चाललं होतं कोण जाणे. जोरी म्हणाला, या नावाचं कुणी त्याच्या ओळखीत नाही. किल्ली माझ्या हातात, म्हणून नियमाप्रमाणे मीच खोडलं. एकच सरळ रेघ. कत्तलखान्यात कमावलेला हात आहे, थरथरत नाही.

खोडताना गाडीच्या मागच्या खिडकीवर आतून काहीतरी आपटलं. बहुतेक माशी.

बुधवार, १५ जानेवारी

मी एकटा माणूस, मला दोन खोल्या कशाला? मोठी खोली आधीच्या भाडेकरणीच्या सामानाने भरली आहे. आज ते सगळं बांधून डेपोत नेलं आणि फुकट फळीवर ठेवलं. बूट, युकुलेली म्हणजे ती छोटी गिटार, लाल रेनकोट, केसांच्या पिना. एका फ्रेंच मुलीने रेनकोट तिथल्या तिथे घातला आणि आरशात बघून खूश झाली. युकुलेली एरलने उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

नोलीनने विचारलं, डेकरांची गाडी कुठल्या तारखेला आली होती, तिला कसली तरी पावती हवी होती. म्हटलं वहीत बघतो. मागचं वाचायची मला सवय नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी साडेपाच. ऊन अजून आहे.

पहिलं पान वाचलं. मग सगळं. तीनदा.

अक्षर माझं. लोट होती. गाय मीच खरवडली. मेरिन

मला एक मुलगी आहे. वहीत लिहिलंय. एकोणीस वर्षांची. मला तिचा चेहरा आठवत नाही. आवाज आठवत नाही. फोनवरचा आवाज आठवतो, तो एका चुकीच्या नंबरवरच्या मुलीचा.

मी फोन ठेवला. तिने बोलावलं, आणि मी

रेनकोट देऊन टाकला.

आणि सगळ्यात भयंकर म्हणजे मला रडू येत नाही. दुःख होत नाही. अनोळखी माणसाच्या मरणाची बातमी वाचल्यासारखं वाटतंय. माझी पोर असेल, तर असं कसं वाटेल?

गुरुवार, १६ जानेवारी

एरलला गाठलं. वही त्याच्या नाकासमोर धरली. त्याने नळ बंद केला, शेडमध्ये नेलं आणि बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा उघडला. खोडाखोड झालेले कागद. नोलीन जाळायला देते, हा ठेवतो. सगळे नऊ नंबरचे. तीन-चारशे तरी असतील. त्याने दोन वेगळे काढून दाखवले. दोन्हींवर खोडलेलं आडनाव कटफिल्ड. म्हणाला, "एकावर बाईचं नाव आहे, एकावर पोराचं. कोण होते देव जाणे. सही माझी आहे."

मग त्याने सांगितलं, आणि मी लिहून घेतो, कारण उद्या माझ्या डोक्यात राहील याची खात्री नाही. नऊ नंबर दर फेरीला एक माणूस ठेवून घेते. किल्ली ज्याच्या हातात, तो बाहेर पडतो. घरचे आधी विसरतात, मग आपल्याच हाताने नाव खोडतात. खोडल्यावरही माणूस आतच असतो, गाडी पुढच्या गिऱ्हाइकाला घेऊन गेटाबाहेर पडेपर्यंत. त्यानंतर नाही.

पुढचं गिऱ्हाईक उद्या बारा वाजता.

बाहेर काढता येतं का, विचारलं. म्हणाला, येतं. नव्या कागदावर दोन नावं लिहायची, आतल्याचं आणि आपलं. गाडी बाहेर काढायची, वाटेत किल्ली आतल्याच्या हातात द्यायची. तो गाडी परत आणतो, आपण राहतो. त्याने आपलं नाव खोडलं की तो सुटला. रेघ पुरी व्हायच्या आत त्याचा हात थांबला, तर गाडी दोघांनाही ठेवते.

मग तू का नाही गेलास, मी विचारलं. एरलने डबा बंद केला. "कुणासाठी जाऊ? मी ओळखतो का त्यांना? तू तरी ओळखतोस का तिला? अनोळखी माणसासाठी कोण जीव देतं रे?"

त्याच्यावर ओरडायचं होतं. ओरडता आलं नाही. तो खरं बोलत होता.

नोलीनकडे गेलो. मला वाटलं होतं नाकबूल करेल. तिने टाके मोजून पुरे केले, आल्याची वडी पुढे केली आणि म्हणाली, तेवीस वर्षांत नऊ नंबर एकदाही रस्त्यात बंद पडली नाही. बाकीच्या तीस गाड्यांना दर महिन्याला काही ना काही होतं. "आणि दुखतं का कुणाला? दाखव मला एक तरी रडणारा माणूस. माझ्या स्वयंपाकघरात सहा खुर्च्या आहेत, गार्थ. मी एकटी राहते. मी बसते का रडत? एका खुर्चीवर बसते, पाचांवर लोकर ठेवते." आणि हसली. तिला खरंच काही होत नव्हतं. त्या हसण्याची मला जितकी भीती वाटली तितकी गाडीची वाटली नाही. कारण उद्या बारानंतर मीही तसाच हसेन.

घरी. वही पुन्हा वाचली. 'पोरीने ती माझ्या डब्याच्या पिशवीत कोंबली.' 'दोन्ही कप मीच प्यायलो.' हे लिहिणारा माणूस त्या मुलीवर जीव टाकत होता. माझा तिच्यावर जीव नाही. मला जगायचंय. मला मरायची भयंकर भीती वाटते, हे इथे लिहून ठेवतो, म्हणजे कुणी मला शूर समजायला नको.

पण अक्षर माझं आहे. आयुष्यभर कागदावर विश्वास ठेवला. आता माझ्यावरच आल्यावर कागद खोटा म्हणू?

शुक्रवार, १७ जानेवारी

सकाळी ८.१०. नवा कागद भरला. मेरिन टिलयार्ड, गार्थ टिलयार्ड. ओरखडे चौदा. नोलीनने खिडकीतून बघितलं, अडवलं नाही. तिला काय, एक मिळाला की झालं.

८.३५. गेटाबाहेर. इंजिन मांजरासारखं गुरगुरतंय. आरशात मागचा बाक रिकामा.

८.५०. नदीच्या पुलापाशी थांबलो. आरशात बघवत नाही. मागे कुणीतरी श्वास घेतंय.

८.५५. ती आहे. बाकावर, गुडघे पोटाशी घेऊन. केस भुरे, नाकावर सालं निघालीयेत उन्हाने. मी वळलो. मला काहीच वाटलं नाही. देवा, काहीच नाही. ती म्हणाली, "सॉरी, पण तुम्ही कोण? डेपोचे का?" म्हणजे तिलाही मी —

मी हो म्हटलं. डेपोचा.

९.०५. किल्ली खिशात आहे. हात खिशात आहे. हात बाहेर येत नाही. आत्ता गाडी वळवली, मीच परत नेली, तर कुणाला कळणार? तिला तर नाहीच. मलासुद्धा नाही. दुपारी जेवेन, संध्याकाळी झोपेन, सगळं विसरेन —

ती म्हणाली, "काका, तुमचा चेहरा दह्यासारखा झालाय. उलटी करणार असाल तर गाडीत नको, परत देताना डेपोवाले चमचेसुद्धा मोजतात. कुणीतरी महा-खडूस माणूस आहे तिथे म्हणे."

मी हसलो. अचानक हसूच आलं.

दिली. किल्ली दिली. म्हटलं, मला बरं वाटत नाहीये, तू चालवतेस का?

९.१५. मागच्या बाकावर बसून लिहितोय. ती बोलते आहे. तळं किती गार होतं ते सांगते. शिकवणी घ्यायची आहे म्हणते, लहान मुलांना युकुलेली शिकवायची. वेगात वळते. मी म्हटलं सावकाश, तर म्हणाली, "काका, मागे बसून गाडी चालवू नका." बडबडी आहे. उद्धट आहे. लाघवी आहे. मी विचारलं, वडील? म्हणाली, नाहीत बहुतेक. आठवत नाहीत. मग म्हणाली, असते तर तुमच्यासारखे घाबरट नसते, आणि स्वतःच हसली.

आवडली मला. वहीतली नाही. ही. समोर बसलेली. आत्ता कुठे ओळख झाली —

९.२५. मी काहीतरी विचारलं. उत्तर नाही. पुन्हा विचारलं. तिने रेडिओ लावला.

९.२८. मेरिन. मेरिन. मेरिन. आरशात माझ्याकडे बघते आहे, मागच्या रस्त्याकडे बघावं तशी.

गुणगुणते आहे. छान गाते. हे मला माहीत असायला हवं होतं.

९.३४. डेपो. उतरली. हात ताणून आळस दिला. दार लावलं. दाराला आतून हँडल नाही.

नोलीन पॅड घेऊन आली. दोघी गाडीभोवती चक्कर मारताहेत. ती प्रत्येक ओरखड्यापाशी वाकून नीट बघते.

खिडकीसमोर आल्या. एक हातभर अंतर. काचेतून माझ्या आरपार बघते. किती गोड — नाकावर साल — मूठ उचलली मी. ठोकलं आणि ती थांबली तर? हात दातात धरलाय. रक्ताची चव.

ऐकू येतंय. "दोन नावं? मी तर एकटीच होते." नोलीन म्हणाली, "चूक झाली गं बाळा. आमचा तपासणारा नवीन होता. खोड तू, किल्ली तुझ्याकडे आहे ना."

पेन घेतलं. टेकवलं. उमटत नाही. झटकते. पुन्हा. उमटत नाही. कपाळाला आठी. नावाकडे बघते आहे. ओठ हलताहेत — वाचते आहे — नको, मेरिन, वाचू नको — वाच — नको, थांबू नको —

खोड, बाळा —

नोलीनने केसांतलं दुसरं पेन काढून दिलं.

हसली. काहीतरी विनोद केला. नोलीन पण हसली. टेकवलं. शाई लागली. गा गेला — र्थ — हात स्थिर आहे पोरीचा, सावकाश, एकच सरळ रे